प्रोपेनची टाकी, पडलेला पूल आणि डॅशबोर्डवरचा जीपीएस

मध्य न्यू जर्सीतील ज्या लहानशा कंपनीत मी नोकरी करते, ती मोटारहोम, म्हणजे आत राहण्याची आणि स्वयंपाकाची सोय असलेल्या मोठ्या गाड्या, भाड्याने देते. गाडी ग्राहकाच्या ताब्यात देताना तिची सारी यंत्रणा समजावून सांगणे, परत आल्यावर ती वरखाली तपासून घेणे आणि कधी गरज पडली तर दुसऱ्या राज्यातून गाडी चालवत आणणे, ही माझी कामे. हल्ली ग्राहकांत मराठी कुटुंबेही बरीच असतात, कारण भारतातून आई-वडील आले की सगळ्यांनी एकाच गाडीतून, घरचे जेवण करत नायगाऱ्याला जाण्याची कल्पना अनेकांना आवडते. किल्ल्या घेताना यांतले निम्मे लोक तरी डॅशबोर्डवरच्या जीपीएसकडे बोट दाखवून विचारतात की, फोनमध्ये नकाशा फुकट मिळत असताना हे जाडजूड यंत्र कशाला ठेवले आहे?

याचे सरळ उत्तर असे की फोनला तुम्ही कोठे जाणार एवढेच कळते. कशातून जाणार ते कळत नाही. आरव्हीसाठी, म्हणजे मोटारहोमसारख्या गाड्यांसाठी, बनवलेला जीपीएस आधी गाडीची माहिती मागतो, म्हणजे उंची, रुंदी, लांबी, वजन, मागे काही जोडले आहे का आणि प्रोपेन या ज्वलनशील गॅसची टाकी आहे का, आणि मग त्या गाडीला चालेल असाच रस्ता शोधतो. न्यूयॉर्कच्या आसपासचे जुने पार्कवे केवळ मोटारींसाठी बांधलेले असल्याने त्यांच्यावरचे कितीतरी दगडी कमानींचे पूल इतके बुटके आहेत की मोटारहोमचे छत तेथे सहज अडकते. हचिन्सन रिव्हर पार्कवेवरील किंग स्ट्रीटच्या पुलाला ट्रक धडकल्याच्या बातम्या तर तिकडच्या लोकांच्या अंगवळणी पडल्या आहेत. छतावरचा एसी पुलाच्या कमानीत सोडून आलेली गाडी दुरुस्तीसाठी आली, की फोनचा नकाशा फुकट कसा पडतो ते बिलावर दिसते.

उंचीचे महत्त्व लोकांना लगेच पटते. प्रोपेनच्या रकान्याचे मात्र पटत नाही, आणि मला सांगायचे आहे ते त्या रकान्याबद्दलच.

मोटारहोममधली शेगडी, हीटर, गरम पाण्याचा बंब आणि बहुतेक गाड्यांत फ्रिजसुद्धा प्रोपेनवर चालतो. ज्या गाड्या आम्ही भाड्याने देतो त्यांत ही टाकी चासीलाच, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्यालाच, कायमची बसवलेली असते, ती काढून ठेवता येत नाही. आता काही बोगद्यांत प्रोपेन नेण्यास बंदी आहे. मेरीलंड राज्यातल्या बाल्टिमोर शहराच्या बंदराखालून जाणारे दोन बोगदे, म्हणजे आय-८९५ या महामार्गावरचा हार्बर टनेल आणि आय-९५ वरचा फोर्ट मॅकहेन्री टनेल, यांचा नियम असा की एका सिलिंडरमध्ये १० पौंडांपेक्षा जास्त प्रोपेन असेल तर ते वाहन आत येऊ शकत नाही. आपल्या घरच्या ग्रिलचा साधा सिलिंडरच २० पौंडांचा असतो, मग मोटारहोमच्या टाकीची गोष्टच नको. “व्हॉल्व्ह बंद केला तर चालेल ना?” हा प्रश्न ठरलेला असतो. व्हर्जिनियातल्या हॅम्प्टन रोड्सच्या बोगद्यात व्हॉल्व्ह बंद करून, मर्यादेत राहून जाता येते. बाल्टिमोरला तेही चालत नाही. म्हणून तेथे अशा गाड्यांसाठी वर्षानुवर्षे एक सोयीची वाट होती: आय-६९५ हा शहराभोवतीचा वळसारस्ता आणि त्यावरचा, पटॅप्स्को नदीच्या मुखावर १९७७ साली सुरू झालेला फ्रान्सिस स्कॉट की पूल. दिवसाला ३० हजारांहून अधिक वाहने त्यावरून जात, आणि पेट्रोलचे टँकर व आमच्यासारख्या गाड्याही त्यांत असत.

२६ मार्च २०२४ च्या पहाटे मी ॲनापोलिसजवळच्या एका गावात होते. आमच्या मालकांनी तेथील एका सेवानिवृत्त गृहस्थांकडून ३१ फुटी मोटारहोम विकत घेतली होती आणि ती न्यू जर्सीला आणण्यासाठी मी आदल्या दिवशी ट्रेन आणि टॅक्सी करून पोहोचले होते. कागदपत्रे आदल्या संध्याकाळीच झाली. त्यानंतर मी कंपनीचा जीपीएस बसवून त्यात या गाडीची माहिती भरली. मॅन्युअलमध्ये छापलेल्या उंचीवर मी कधीच विसंबत नाही, कारण मागाहून कोणी मोठा एसी किंवा अँटेना बसवलेली असू शकते. शिडीवर चढून एसीच्या माथ्यावर एक सरळ पट्टी आडवी धरायची, तिच्या टोकापासून जमिनीपर्यंत टेप सोडायचा आणि येईल त्या आकड्यात दोन इंच मिळवायचे, अशी माझी पद्धत आहे. त्याप्रमाणे ११ फूट ५ इंच भरले. वजन १४,५०० पौंड. प्रोपेन: होय. स्वयंपाकाच्या ओट्यावरच्या पॅनेलचे बटण दाबले तेव्हा टाकीचे चारपैकी दोन दिवे लागले, म्हणजे जवळपास अर्धी टाकी भरलेली होती. रात्री थंडी असल्याने हीटर लावून मी गाडीतच झोपले.

पहाटे साडेपाचला इंजिन सुरू करून मी बाहेरचे दिवे तपासत असताना रत्नागिरीहून मावसभावाचा फोन आला. तो मर्चंट नेव्हीत आहे, तेव्हा सुट्टीवर घरी होता, आणि त्याचे जहाज पूर्वी बाल्टिमोर बंदरात लागलेले असल्याने आदल्या दिवशी आमच्या बोलण्यात त्या पुलाचा विषय निघाला होता. भारतात दुपारचे तीन वाजले होते. “ताई, कुठे आहेस तू?” त्याने नमस्कार-चमत्काराच्या आधी विचारले. “निघाली नाहीस ना अजून? तो पूल पडलाय. जहाज आदळलं खांबावर. इथे सगळ्या चॅनलवर तेच दाखवतायत.” पुलापासून गाडीने अर्ध्या-पाऊण तासावर मी उभी होते आणि मला ही बातमी कोकणातून कळत होती. त्याने पाठवलेली चित्रफीत मी पाहिली. रात्री दीडच्या सुमारास ‘डाली’ नावाचे कंटेनर जहाज, दिवे विझलेले, परत लागलेले, पुन्हा विझलेले, संथपणे खांबाकडे सरकते आणि काही सेकंदांत सगळा लोखंडी सांगाडा पाण्यात बसतो. मी ती दुसऱ्यांदा पाहिली नाही.

गाडीत येऊन बसले तर जीपीएसवर ठसठशीत जांभळी रेघ दिसत होती: आय-९७ ने उत्तरेकडे, मग आय-६९५ पूर्वेकडे आणि थेट फ्रान्सिस स्कॉट की पुलावरून पलीकडे. पोहोचण्याची वेळही मिनिटासह दिली होती. यंत्राचे काही चुकले नव्हते. त्याच्या पोटातल्या नकाशाप्रमाणे प्रोपेनच्या गाडीसाठी हाच रस्ता योग्य होता. अशा यंत्रांना ताजी वाहतूक कळावी म्हणून ती ब्लूटूथने फोनला जोडावी लागतात. आमचे यंत्र आज एकाच्या, उद्या दुसऱ्याच्या हाती जाणारे असल्याने ते कोणाच्याच फोनला जोडायचे नाही, असा कंपनीचा शिरस्ता होता. नकाशाचे अपडेट हंगाम सुरू होताना ऑफिसच्या वाय-फायवर व्हायचे. पूल पडून चार तास झाले होते.

मग मी फोनवरचा नकाशा उघडला. त्याला सगळे ठाऊक होते. पुलाच्या जागी लाल खूण होती, रस्ता बंद असल्याची सूचना होती, आणि त्याने मला तत्परतेने नवा मार्ग काढून दिला होता: आय-९७ वरून सरळ आय-८९५ वर, हार्बर टनेलमधून.

एका यंत्राला पूल पडल्याचे माहीत नव्हते आणि दुसऱ्याला माझ्या गाडीखाली प्रोपेन असल्याचे. दोघांचा आत्मविश्वास मात्र सारखाच होता. त्या पहाटे भाड्याच्या मोटारहोममधून वॉशिंग्टनकडून निघालेल्या एखाद्या नवख्या कुटुंबाने काय केले असते, याचा विचार माझ्या मनात आला. पूल पडल्याचे ऐकून त्यांनी साहजिकच फोनचे ऐकले असते आणि बोगद्याच्या तोंडाशी पोलिसांनी त्यांना अडवले असते, तेही मागे वाहनांची रांग लागलेली असताना.

उरला तो आय-६९५ चा पश्चिमेकडचा वळसा: कॅटन्सव्हिल, पाइक्सव्हिल, टाउसन असा शहराला डावीकडून फेरी घालून वर आय-९५ ला मिळणारा. अंतर फार जास्त नाही, पण सकाळच्या गर्दीला तो कुप्रसिद्ध आहे. मला रस्ता ठाऊक असताना यंत्र बंद करून निघता आले असते, परंतु मापाच्या इशाऱ्यांशिवाय नव्या गाडीने अनोळखी फाट्यावर उतरावे लागण्याचा धोका मला पत्करायचा नव्हता. त्या यंत्रात एखादा रस्ता ‘टाळायचा’ म्हणून नकाशावर खूण करून ठेवण्याची सोय आहे. मी बोटाने नकाशा मोठा करत गेले, पुलाच्या दोन्ही टोकांवर खूण केली आणि नोंद जतन केली. यंत्राने पुन्हा हिशेब केला आणि मला पुलाच्या अलीकडच्या शेवटच्या फाट्यावर उतरवून, गोदामांच्या गल्ल्यांतून, हॅनोव्हर स्ट्रीटच्या पुलावरून भर शहरात नेण्याचा बेत दाखवला. नियमांच्या दृष्टीने तो चालण्यासारखा असेलही, पण ३१ फुटांची गाडी घेऊन त्या दिवशी शहरात शिरणे शहाणपणाचे नव्हते. अखेर मी टाउसनजवळचे एक ठिकाण मधला थांबा म्हणून घातले, तेव्हा कुठे रेघ पश्चिमेकडून वळली. या साऱ्याला दहा मिनिटे लागली असतील, आणि ती गाडी उभी असताना लागली हे महत्त्वाचे. चालत्या गाडीत असले काम कोणी करू नये.

आय-९७ वर इलेक्ट्रॉनिक फलक पूल बंद असल्याचे सांगत होते. आय-६९५ ला लागल्यावर माझ्या पुढे पेट्रोलचा एक टँकर आला, पाठीवर १२०३ या पेट्रोलच्या क्रमांकाची लाल चौकट असलेला. थोड्या वेळाने डावीकडे आणखी एक, मग मागे एक. ज्यांना बोगदे वर्ज्य होते ते सगळे या एकाच वळशावर आले होते. पिवळ्या दिव्यांच्या उजेडात आम्ही ताशी १५-२० मैलांनी सरकत होतो. यंत्र अधूनमधून तीव्र वळणाची, उताराची सूचना देई. त्याच्या दृष्टीने हा साधा सकाळचा प्रवास होता.

रेडिओवर तोवर तपशील येऊ लागले होते. पुलावर रस्त्याचे खड्डे बुजवणारे आठ कामगार होते. दोघे वाचले होते, सहा जण सापडत नव्हते. जहाजाने धोक्याचा संदेश दिल्यामुळे पोलिसांनी दोन्ही बाजूंची वाहतूक ऐनवेळी रोखली होती, म्हणून पुलावर दुसरी वाहने नव्हती. ते सहाही जण मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतून कामासाठी आलेले होते, आणि ते गेल्याचे पुढे स्पष्ट झाले. मी ज्या रेघेवर सहज बोट फिरवून ‘टाळा’ म्हटले होते, तेथे पाच तासांपूर्वी माणसे खड्डे बुजवण्याचे काम करत होती, हे ऐकताना मला कसेसेच झाले.

टाउसन ओलांडून आय-९५ वर यायला साडेसात वाजून गेले. त्यापुढे सस्क्वेहॅना नदी, डेलावेअर आणि न्यू जर्सीचा टर्नपाइक. डेपोत पोहोचल्यावर भावाचा पुन्हा फोन आला. जहाजावरचे बहुतेक खलाशी भारतीय असल्याचे त्याला समजले होते आणि त्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यांच्याविषयी विचारपूस चालू होती. त्या खलाशांना पुढे कित्येक आठवडे जहाजावरच राहावे लागले. मे महिन्यात जहाजावर पडलेला सांगाडा सुरुंगाने तोडला, तेव्हाही ते आतच होते.

आमच्या मालकांशी मी त्याच दुपारी बोलले. यंत्र फोनला जोडू न देण्यामागे त्यांचे कारण रास्त होते: एका ग्राहकाचे संपर्क आणि संदेश दुसऱ्याच्या पडद्यावर दिसू नयेत. मी सुचवले की जोडणी ग्राहकासमोर करू आणि गाडी परत आली की यंत्रातली सगळी वैयक्तिक माहिती पुसून टाकू. त्यांनी थोडी कुरकुर केली, कारण त्यामुळे प्रत्येक गाडीमागे आमचा वेळ वाढणार होता, पण मान्य केले. तेव्हापासून किल्ली देताना मी तीन गोष्टी ग्राहकाच्याच हातून करून घेते: फोन जोडणे, उंचीचा आकडा पडद्यावर वाचणे आणि प्रोपेनच्या रकान्यातील ‘होय’ पाहणे. दक्षिणेकडे जाणाऱ्यांना बाल्टिमोरचा पश्चिम वळसा कागदावर रेखून देते, कारण बॅटरी आणि सिग्नल दोन्ही गेले तरी कागद चालतो.

पुढच्या अपडेटमध्ये तो पूल नकाशावरून निघाला. यंत्रात मी केलेली नोंद मात्र तशीच राहिली होती, आणि सहकाऱ्याने ती काढू का म्हणून विचारले तेव्हा मी नको म्हटले. नवा पूल २०३० च्या अखेरीस होईल असे आता सांगतात. तोवर हे यंत्र टिकणार नाही आणि कदाचित मीही या नोकरीत नसेन. पण नवे यंत्र घेऊ तेव्हा त्यात प्रोपेनचा रकाना आहे की नाही हे पाहूनच घ्या, असे मी खरेदीच्या फाइलवर लिहून ठेवले आहे.