दारातला दिवा चालू होता

2003 च्या ऑक्टोबरात आम्ही न्यू जर्सीतल्या या घरात राहायला आलो. चौदा घरांची बंद गल्ली, शेवटी गोल वळसा. इथले लोक तिला कल-डी-सॅक म्हणतात. मी डोंबिवलीची, त्यामुळे माझ्या तोंडी ती कायम ‘आमची वाडी’.

31 तारखेला हॅलोवीन होता, म्हणजे मुलं भुताखेतांचे पोशाख घालून दारोदार खाऊ मागतात तो सण. मला त्याचा पत्ताच नव्हता. तिन्हीसांजेला मी सवयीने दारातला दिवा लावला. दिवेलागणीला दार काळोखात ठेवायचं नाही, ही आईची शिस्त. दहा मिनिटांत बेल वाजली. दारात एक चेटकीण, एक हाडांचा सापळा आणि बापाच्या कडेवर मधमाशीचे पंख लावलेलं तान्हं. ‘ट्रिक ऑर ट्रीट!’ म्हणजे खाऊ द्या, नाहीतर खोडी काढू. घरात चॉकलेट औषधालाही नव्हतं. पार्ले-जीचे छोटे पुडे होते, ते वाटले. तरी बेल वाजतच राहिली. दुसऱ्या दिवशी समोरच्या आजींनी हसत हसत उलगडा केला: पोर्चचा दिवा चालू म्हणजे ‘या’, बंद म्हणजे ‘पुढचं घर बघा’. वर स्वतःकडची उरलेली चॉकलेटं माझ्या हातात ठेवली.

पुढच्या वर्षापासून आम्ही गल्लीच्या हॅलोवीन मंडळात रीतसर सामील. मंडळ म्हणजे ना वर्गणी ना अध्यक्ष. कोपऱ्यावरच्या निवृत्त फायरमनच्या ड्राइव्हवेवर दोन घडीची टेबलं आणि लोखंडी शेगडीत जाळ, एवढाच मंडप. दुपारी शाळेत पोशाखांची मिरवणूक व्हायची, ती संपली की सगळे इकडे. कुणी बीन्सची चिली आणायचं, कुणी दालचिनी घातलेला गरम सफरचंदाचा सायडर. मी मटकीची मिसळ नेली. चिलीशेजारी ती ‘इंडियन चिली’ म्हणून खपली आणि फरसाण मात्र मुलांनी नुसतंच संपवलं. मिसळीला ओळख लागत नाही हे खरं, पण ते नाव मला अजून टोचतं.

फायरमन आयरिश वंशाचे. त्यांच्या पणजोबांच्या गावी भोपळा नव्हे, सलगम कोरून त्यात दिवा ठेवत, असं ते दरवर्षी सांगत आणि आम्ही दरवर्षी नव्याने ऐकल्यासारखं करत. कोरायचे मोठे भोपळे मी पहिल्यांदा आणले तेव्हा आतला गर टाकवेना, म्हणून घारगे करायला घेतले. सगळं पाणचट, तंतू तंतू, गुळातसुद्धा चव येईना. घारग्यांना छोटा, ‘पम्पकिन पाय’ या गोड पदार्थासाठी मिळतो तो भोपळाच हवा. बिया मात्र तिखटमीठ लावून भाजल्या की झकास.

2009 साली आई आली होती. अंगणाअंगणांत टांगलेली भुतं आणि पुठ्ठ्याच्या समाध्या बघून म्हणाली, “पितृपक्ष उरकून किती दिवस झाले गं? यांचे परत आले वाटतं!” पण धाकट्याचा पोशाख तिनेच केला. त्याला कुठल्याशा सिनेमातला योद्धा व्हायचं होतं. तिने त्याला वासुदेव केलं. मोरपिसांची उंच टोपी, पायघोळ झगा, हातात टाळ. “दारोदार जाऊन मागायचंय ना, मग याच्याइतका योग्य कोण?” शेजाऱ्यांनी त्याला जादूगार ठरवलं. आईला वाईट वाटलं नाही. “वासुदेव पहाटे येतो, हा संध्याकाळी आला, इतकंच,” म्हणत ती त्याच्या मागे चौदाही घरं फिरली.

रात्री दिवाणखान्यात सगळी लूट ओतायची, बदलाबदली व्हायची. दाण्यांची चॉकलेटं बाजूला, कारण पलीकडच्या मुलीला दाण्यांची ॲलर्जी. आईबापांचा वाटा मुलं झोपल्यावर.

सगळ्यात जास्त आठवतं ते 2012. 29 ऑक्टोबरला सँडी वादळ आलं. झाडं पडली, वीज गेली, लाखो घरं अंधारात. गव्हर्नरांनी चक्क आदेश काढून हॅलोवीन 5 नोव्हेंबरला ढकलला. आमच्या गल्लीत तेव्हाही निम्म्या घरांत वीज नव्हती. त्यात 4 तारखेला घड्याळं तासभर मागे गेलेली, म्हणजे पाचलाच काळोख. एरवी 2007 पासून घड्याळं नोव्हेंबरात मागे जातात म्हणून लहानग्यांना 31 ला थोडा उजेड तरी मिळतो. त्या वर्षी तोही नाही. मुलं पोशाख घालून तयार, आणि कुठलं घर ‘या’ म्हणतंय हे कळायला मार्ग नाही.

दिवाळी आठवड्यावर होती. पणत्यांचं खोकं मी आधीच आणून ठेवलं होतं. मी आणि थोरलीने तेलवाती केल्या आणि वीज नसलेल्या घरांच्या पायऱ्यांवर दोन-दोन पणत्या ठेवत गेलो. “पणती दिसली की बेल वाजवा,” असं फायरमननी मुलांना खड्या आवाजात सांगितलं, मग चूक लक्षात आल्यावर म्हणाले, “बेल नाही वाजणार, दार ठोका.” एवढ्या वर्षांत गल्ली इतकी शांत आणि इतकी गजबजलेली एकाच वेळी मी पाहिली नव्हती. ऐंशीएक मुलं आली असतील, शेजारच्या रस्त्यांवरचीसुद्धा. आजी शाल पांघरून दारातच खुर्ची टाकून बसल्या होत्या.

उरलेल्या पणत्या मी गोळा केल्या तेव्हा एक कमी भरली. ती आजींनी ठेवून घेतली होती. आता दर ऑक्टोबरला ती त्यांच्या पायरीवर, भोपळ्याशेजारी असते. तेलाचा व्याप नको म्हणून तिच्यात बॅटरीची मेणबत्ती ठेवतात. मी काही बोलत नाही.