सांता आनाला जिवंत का सोडलं?

ह्यूस्टनला आमच्याकडे पाहुणे आले की एक दिवस टेक्ससमधल्या गोलियाड गावच्या जुन्या किल्ल्यासाठी राखून ठेवलेला असतो. अडीच तासांचा रस्ता. किल्ला बघून, हकीकत ऐकून परत निघालो की गाडीत हमखास कुणीतरी विचारतं, "अरे, मग त्या सांता आनाला पकडल्यावर सोडलं कसं?" गेल्या महिन्यात मावशीने विचारलं, तेव्हा ठरवलं, एकदा नीट लिहूनच काढू.

टेक्सस तेव्हा, म्हणजे १८३५-३६ साली, मेक्सिकोचा सरहद्दीचा मुलूख, आणि सांता आना हा मेक्सिकोचा अध्यक्ष आणि सेनापती. तिथल्या वसाहतवाल्यांनी बंड केलं आणि अमेरिकेतून स्वयंसेवक त्यांच्या मदतीला धावले. बंडाची बाजू धुतल्या तांदळासारखी होती असं मी म्हणणार नाही. मेक्सिकोने १८२९ साली गुलामगिरी बंद केली होती, ह्यांना ती हवी होती, आणि गोलियाडचा बंडखोर कर्नल फॅनिन तर स्वतः गुलामांचा व्यापार केलेला माणूस. पण शरण आलेल्या माणसाचं काय करायचं, हा प्रश्न त्याने बदलत नाही.

फॅनिनची तुकडी किल्ला सोडून निघाली आणि १९ मार्च १८३६ ला कोलेटो ओढ्याच्या अलीकडे उघड्या माळावर मेक्सिकन जनरल उर्रेआने तिला गाठलं. जखमींना द्यायला पाणी नाही, तोफा थंड करायला पाणी नाही. दुसऱ्या दिवशी ते शरण गेले. आपल्याला युद्धकैदी म्हणून वागवून अमेरिकेला परत पाठवणार, अशी शिपायांची समजूत होती. उर्रेआकडच्या कागदावर मात्र बिनशर्त शरणागती होती. त्याने फक्त सरकारकडे रदबदली करायचं कबूल केलं होतं. आणि सरकारचा हुकूम ३० डिसेंबर १८३५ पासून तयार होता: शस्त्र घेऊन आलेला परदेशी म्हणजे समुद्री चाचा, त्याला चाच्याचीच शिक्षा.

किल्ल्यातल्या चॅपलमध्ये मी पाहुण्यांना जरा वेळ उभं करतो. कैद्यांना आधी इथेच कोंबलं होतं. पन्नास माणसं बसली की भरल्यासारखं वाटावं एवढंच ते आहे.

२६ मार्चच्या संध्याकाळी सात वाजता किल्ल्याचा अधिकारी कर्नल पोर्तिया याला सांता आनाचा हुकूम मिळाला: कैद्यांना गोळ्या घाला. आठ वाजता दुसरा स्वार आला, उर्रेआचं पत्र घेऊन: कैद्यांना नीट वागवा, गावाच्या बांधकामाला लावा. एका तासात दोन कागद. रात्रभर आपला जीव थाऱ्यावर नव्हता, असं पोर्तियाने रोजनिशीत लिहिलंय. पहाटे त्याने ठरवलं, वरचा हुकूम तो वरचा. मला ह्या सगळ्या प्रकरणात सर्वांत जास्त तो माणूस छळतो. त्याच्या हातात चांगला कागदही होता.

सकाळी, पाम संडेला (ईस्टरच्या आधीच्या रविवारी), कैद्यांच्या तीन रांगा तीन रस्त्यांनी बाहेर काढल्या. कुणाला सांगितलं लाकडं आणायची आहेत, कुणाला गुरं. थोडं अंतर गेल्यावर गोळ्या. जखमींना किल्ल्यातच मारलं. फॅनिनला शेवटी अंगणात खुर्चीवर बसवलं. तोंडावर गोळी घालू नका, घड्याळ घरी पोचवा, नीट पुरा, एवढं त्याने मागितलं. तोंडावरच गोळी घातली आणि प्रेत इतरांबरोबर जाळलं. साधारण ३४० माणसं गेली, अठ्ठावीस पळून वाचली. काहींना मेक्सिकन अधिकाऱ्यांनीच लपवलं, काहींना फ्रान्सिता नावाच्या बाईने. ती मेक्सिकन सैन्याबरोबर आलेली होती. तिचं आडनाव कागदोपत्री दहा तऱ्हांनी सापडतं.

आता मावशीचा प्रश्न. २१ एप्रिलला सॅन जॅसिंटोला सांता आनाचं सैन्य दुपारच्या वेळी बंडखोरांना गाफील सापडलं. अठरा मिनिटांत लढाई संपली, पण कत्तल संपली नाही. 'गोलियाड आठवा' असं ओरडत हात वर केलेल्यांनाही मारलं. सहाशेच्या वर मेक्सिकन पडले. ज्यांच्यासाठी सूड घ्यायचा तेही शरण आलेलेच होते, हे त्या वेळी कुणाला सुचलं नाही. दुसऱ्या दिवशी साध्या शिपायाच्या कपड्यात एकाला धरून आणलं, तेव्हा कैदेतले मेक्सिकन 'एल प्रेसिदेंते' म्हणू लागले आणि तो ओळखला गेला. घोट्याला गोळी लागून झाडाखाली पडलेल्या सॅम ह्यूस्टनने, बंडखोरांच्या सेनापतीने, गोलियाडचा जाब विचारला, तर ह्याने सरकारच्या हुकुमाकडे बोट दाखवलं. त्या सरकारचा सर्वेसर्वा तोच!

ह्यूस्टनने त्याला झाडाला टांगू दिलं नाही. दयेपोटी नव्हे. टेक्ससमध्ये अजून काही हजार मेक्सिकन सैन्य शाबूत होतं आणि त्याला मागे फिरवणारा हुकूम ह्याच माणसाच्या हातून लिहून घेता येणार होता. तो त्याने लिहिला. पुढे वॉशिंग्टनला जाऊन अध्यक्ष जॅक्सनना भेटून १८३७ मध्ये तो घरी पोचला, आणि १८७६ ला अंथरुणात मेला.

मावशी म्हणाली, "म्हणजे मोठा होता म्हणून वाचला." हो मावशी, तसंच.

त्याआधी, १८३६ च्या जूनच्या सुरुवातीला, सांता आनाला परत पाठवायला जहाजावर चढवलं होतं. नव्याने आलेल्या स्वयंसेवकांनी खाली उतरवून त्याचा जीव मागितला. त्याच आठवड्यात, ३ जूनला, टेक्ससच्या जनरल रस्कची माणसं गोलियाडच्या माळावरून अर्धवट जळलेली हाडं गोळा करून एका खड्ड्यात पुरत होती. दोन महिने ती उघड्यावरच पडलेली होती.