लंडनच्या थंडीत उतरलेली ढोलकी

मेळघाटाच्या पायथ्याशी असलेल्या आमच्या गावच्या ख्रिस्ती मंडळीतून आम्ही नऊ जण डिसेंबरात लंडनच्या रस्त्यांवर भजने गायला गेलो, तेव्हा सर्वांत आधी ढोलकीने दगा दिला. थेम्सच्या दक्षिण काठावर उभे राहिलो, तर चार वाजण्यापूर्वीच सूर्य मावळलेला, आणि त्या ओलसर हवेत कातडे इतके सैलावले की थाप पोत्यावर पडल्यासारखी वाजू लागली. आमच्याकडची थंडी कोरडी असते. शेकोटीजवळ क्षणभर धरले की काम भागते. तिथे शेकोटी कोठून आणावी? शेवटी वादकभाऊंनी ढोलकी कोटाखाली पोटाशी धरून तिला ऊब दिली आणि मग दोऱ्या ताणल्या.

पेटीची मात्र मौज वाटली. १८४२ मध्ये पॅरिसमध्ये पेटंट घेतलेले हे वाद्य तेथील श्रोत्यांना अस्सल भारतीय वाटत होते; एक आजीबाई तर वाकून भाता पाहत राहिल्या. शब्द कुणाला कळत नव्हते, तरी अभंगाच्या चालीवर टाळ वाजू लागले की पावले थांबत. पत्रके फारशी कुणी घेतली नाहीत, आणि ती हातात कोंबणे मला स्वतःलाही रुचले नाही.

ट्राफल्गार चौकात, ओस्लोहून १९४७ पासून दरवर्षी भेट येणाऱ्या नाताळवृक्षाखाली, दुसरा गायकवृंद चार निरनिराळ्या सुरावटी एकाच वेळी मिळून गात होता. आमचे पाळकसाहेब हळूच म्हणाले, “आपलं सगळं एकाच सुरात आहे, बाबू.” मला त्यात उणेपण वाटले नाही.

नागपूरला उतरलो, तेव्हा कोरड्या हवेत ढोलकी इतकी चढली की दोऱ्या पुन्हा सैल कराव्या लागल्या.