नकाशावरची खूण

नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंग सणाच्या आधीच्या शनिवारी अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात बंदुकीने हरीण मारायचा नऊ दिवसांचा हंगाम सुरू होतो. त्या दिवशी पहाटे साडेचारला मी मॅडिसनहून स्प्रिंग ग्रीनकडे निघाले होते. विस्कॉन्सिन नदीच्या काठाकाठाने मैलोन् मैल सरकारी जमीन आहे, तिथे परवाना असलेलं कोणीही शिकार करू शकतं. वाटेतल्या प्रत्येक पार्किंगमध्ये पिकअप ट्रक दाटीवाटीने उभे होते, आणि डोक्याला दिवे लावलेली माणसं नारिंगी जाकिटं घालून झाडीत शिरत होती. भडक नारिंगी किंवा भडक गुलाबी कपडे इथे कायद्याने सक्तीचे आहेत. हरणाला नारिंगी रंग आपल्यासारखा दिसत नाही, माणसाला मात्र लांबून दिसतो.

माझं शिक्षण नागपूरच्या पशुवैद्यक महाविद्यालयात झालं. आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने शिकार बंद झाली, त्यामुळे शिकाऱ्यांसोबत काम करायची वेळ येईल असं तेव्हा स्वप्नातही वाटलं नव्हतं. इथे हंगामात मी एका पेट्रोल पंपाच्या आवारात टेबल टाकून बसते. शिकारी हरणाचं डोकं आणतात, मी घशाच्या मागच्या बाजूला काप घेऊन दोन लिम्फ नोड, म्हणजे लसिकाग्रंथी, काढते. लहान खजुराएवढे, गुळगुळीत, करडट पिवळे. शेजारीच लाळग्रंथी असते, ती दाणेदार. सुरुवातीला मी दोन-तीनदा चुकीची गाठ काढली होती, आता बोटांना बरोबर कळतं. हे तुकडे तपासणीला जातात ते क्रॉनिक वेस्टिंग डिसीजसाठी. इथे सगळे त्याला सीडब्ल्यूडीच म्हणतात. मेंदूतली प्रथिनं वाकडी घडी घेतात आणि हरीण महिनोन् महिने वरून धडधाकट दिसत आतून पोखरत जातं. लस नाही, औषध नाही, झालं की मरणच. माणसाला झाल्याचं अजून आढळलेलं नाही, पण बाधित हरणाचं मांस खाऊ नका असाच सल्ला आम्ही देतो.

नमुना काढणं दोन मिनिटांचं काम. अवघड असतो तो पुढचा प्रश्न: हरीण नेमकं कुठे मारलं?

इथली जमीन एकेक चौरस मैलाच्या चौकोनांत मोजलेली आहे, प्रत्येक चौकोनाला नंबर आहे. मला तो चौकोन हवा असतो, कारण रोग कुठून कुठे सरकतोय हे त्याशिवाय कळत नाही. आणि नेमकं तेच कोणी सांगत नाही. सरकारी जमिनीवर चांगली जागा सापडणं म्हणजे घबाड. पहिल्या दिवशी पार्किंगपासून अर्ध्या मैलात इतकी माणसं बसलेली असतात की हरणं दुपारपर्यंत तिथून पार नाहीशी होतात. त्या गर्दीपलीकडची जागा ज्याला माहीत आहे, तो ती सख्ख्या भावालाही सांगत नाही, मग रांगेतले दहाजण ऐकत असताना मला काय सांगणार? नकाशावर बोट ठेवतात ते हायवेच्या कडेला कुठेतरी. मला याचा खरंच त्रास होतो. दोन मैलांची थाप म्हणजे नदीच्या एका काठाचा रोग दुसऱ्या काठावर मांडला जाणं.

त्या शनिवारी अंधार पडल्यावर, मी सुऱ्या धुवत असताना एक आजोबा आले. सत्तरीपुढचे. दर वर्षी येणारे, फारसं न बोलणारे. पिकअपवर कनू, म्हणजे वल्ह्याची निमुळती होडी, बांधलेली होती आणि मागे आठ टोकांच्या शिंगांचा नर, पाठीवर दोन बोटं चरबी. त्यांच्या पँटचे पाय गुडघ्यापर्यंत बर्फाने कडक झाले होते. मी नमुना घेतला, नकाशा पुढे केला. त्यांनी आधी मागे वळून पाहिलं. आवारात कोणी नव्हतं. मग हातमोजा काढला आणि नख नदीतल्या एका बेटावर टेकवलं.

"इथे. आणि गेल्या वर्षीचंही इथलंच. त्याच्या आधीचंही."

गेल्या वर्षी त्यांनी मला दोन मैल खालच्या टेकडीचा चौकोन सांगितला होता. माझ्याच अक्षरात लिहिलेला होता तो.

"मग आज का सांगताय?"

"नात आता नऊ वर्षांची झाली," ते म्हणाले. "आमच्या घरी वर्षभर हेच मांस असतं. आता तिच्याही ताटात असतं."

मग ते बोलत राहिले, मी सुऱ्या तशाच ठेवून ऐकलं. ते पहाटे तीनला कनू पाण्यात घालतात. नदीत वाळूचे पट्टे दर वर्षी जागा बदलतात, म्हणून ऑक्टोबरमध्ये एकदा दिवसा येऊन वाट बघून ठेवायची. नोव्हेंबरमध्ये काठाला बर्फाची कड धरलेली असते, ती वल्ह्याने फोडत जावं लागतं. जाकिटावर लाइफ जॅकेट, काही झालं तरी काढायचं नाही. बेटावर वाऱ्याच्या खालच्या अंगाला बसायचं आणि दुपारी उठायचं नाही. "दहा-साडेदहाला पार्किंगवाल्यांना भूक लागते. ते चालत बाहेर निघाले की हरणं उठतात आणि पाण्यात उतरून माझ्याकडे येतात. त्यांच्यामुळेच मला हरीण मिळतं." पहिल्या दिवशी नाही जमलं तर मंगळवार-बुधवार. तेव्हा लोक कामावर परत गेलेले असतात.

थाप मारायचं आणखी एक कारण त्यांनी सांगितलं. २००२ मध्ये या भागात रोग सापडला, तेव्हा सरकारने इथली हरणं जवळपास संपवायचंच ठरवलं होतं. लोक फार चिडले होते. जागा सांगितली तर सरकारी बंदूकवाले येतील ही धास्ती त्यांच्या मनातून कधी गेली नव्हती. मी त्यांना दोष देऊ शकले नाही.

रात्री घरी न जाता मी जुने कागद काढले आणि त्यांच्या मागच्या दोन वर्षांच्या खुणा खोडून बेटावर केल्या. त्या दोनपैकी एक नमुना बाधित होता. म्हणजे दोन वर्षं आम्ही टेकडीवर रोग आहे असं धरून चाललो होतो.

दोन आठवड्यांनी या नराचा निकाल आला. बाधित. फोन मीच केला. पलीकडे बराच वेळ काही आवाज आला नाही. मग म्हणाले, "चाळीस पाकिटं बांधून ठेवलीत." फ्रीझरमध्ये अजून हात लावला नव्हता, निकालासाठी थांबले होते. ती पाकिटं त्यांनी स्वतः आणून आमच्या कचऱ्याच्या बंद पेटीत एकेक करून टाकली. प्रत्येकावर मार्करने तारीख लिहिलेली होती.

फेब्रुवारीत त्यांनी मला बोलावलं. बेटाच्या अलीकडचा फाटा गोठला होता, आम्ही काठीने बर्फ ठोकत चालत गेलो. सिल्व्हर मेपलच्या झाडीत बर्फावर हरणांच्या बसण्याचे खळगे होते. अंगाच्या उबेने वितळून पुन्हा गोठलेले, लंबगोल, तळाशी करडे केस चिकटलेले. मी मोजत गेले. एकतीसपर्यंत मोजले, पुढे एकमेकांत मिसळलेले होते. मधोमध झाडांच्या साली गळ्याच्या उंचीपर्यंत चावलेल्या, आणि लेंड्या, मूत, सगळं एकाच जागी. हा रोग लाळेतून, मुतातून, विष्ठेतून पसरतो आणि मातीत वर्षानुवर्षं टिकतो. माझ्या मनात आलं ते मी बोलून टाकलं: गर्दी चुकवून तुम्ही इथे आलात, हरणंही गर्दी चुकवूनच इथे आली, आणि सगळी एकाच ठिकाणी कोंडली गेली.

ते खळग्यांकडे बघत उभे राहिले. मग माझ्या हातातला नकाशा मागून घेतला, गुडघ्यावर पसरला आणि पेन्सिलीने नदीवर वरच्या अंगाला आणखी तीन ठिकाणी फुल्या मारल्या.

"ही माझ्या मेहुण्याची," पहिलीवर बोट ठेवून ते म्हणाले. "त्याला मी सांगतो."