बसून अंघोळ

आमच्या घरात दोन पक्ष आहेत. शॉवर पक्ष ह्यांचा, बादली पक्ष माझा. तरुणपणी नेमकं उलट होतं. मला सकाळची पीएमटी गाठायची असायची, म्हणून शॉवरखाली उभ्या उभ्या कावळ्याची अंघोळ उरकून मी मोकळी व्हायचे. हे मात्र बादलीशेजारी पाट मांडून, वजरीने टाचा घासत, कुठलंसं स्तोत्र निम्मंच म्हणत अर्धा तास आत. बाहेरून कितीही हाका मारा. आता सत्तरीच्या अलीकडे-पलीकडे दोघांनीही पक्षांतर केलंय, आणि तेही कोणत्याही आमिषाशिवाय.

ह्यांच्या पक्षांतराला कारण कंबर. बादलीतून मग भरून घ्यायचा तर दर वेळी वाकायला लागतं. त्यात उजवा खांदा आखडलेला, त्यामुळे भरलेला मग डोक्यापर्यंत पोचता पोचता निम्मा भिंतीवर. शॉवरला ही मेहनत नाही. माझी कंबर शाबूत आहे, कुरकुर आहे ती तोलाची. साबण जाऊ नये म्हणून डोळे मिटले की पायाखालची फरशी किंचित सरकल्यासारखी वाटते. माणूस उभा राहतो तो नुसता पायांवर नाही. तळव्यांची जाणीव, कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा आणि डोळे असं तिघांनी मिळून ते काम चाललेलं असतं. वयानुसार पहिली दोन मंदावतात आणि सगळी भिस्त डोळ्यांवर येते. शॉवरखाली नेमके तेच मिटायचे. वर रक्तदाबाची गोळी. कढत पाण्याने कातडीखालच्या रक्तवाहिन्या सैलावतात, दाब उतरतो आणि चक्कर येते. त्यामुळे म्हातारपणी बादली बरी की शॉवर, असं कुणी विचारलं की मी उलट विचारते, दुखतंय कुठे?

मला या विषयात जरा जास्तच रस आहे, कारण एका आर्किटेक्टच्या ऑफिसात मी आयुष्यभर ड्रॉइंगं काढली. कोथरूड, कर्वेनगर, बिबवेवाडी जेव्हा भराभरा वाढत होतं तेव्हा चार बाय सातच्या बाथरूमा आम्ही ट्रेसिंग पेपरवर नुसत्या छापल्यासारख्या काढायचो. बोर्डाशेजारी कायम एक कोष्टक चिकटवलेलं असायचं. माणशी रोजचं पाणी 135 लिटर. पैकी अंघोळीला 55, धुण्याला 20, भांड्यांना 10, संडासाला 30, असं करत करत प्यायला 5. अंघोळीचे 55 लिटर म्हणजे जवळजवळ तीन बादल्या! हे मी घरी सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "एवढं पाणी माणसाला लागतं का म्हशीला?"

तिचंही बरोबर होतं. 1961 च्या जुलैत पानशेत फुटलं तेव्हा मी नुकती शाळेत जायला लागले होते. आमचा सदाशिव पेठेतला वाडा उंचावर, त्यामुळे पुराचं पाणी आत आलं नाही. पण नंतर नळालाही आलं नाही. खडकवासल्याचं धरणही गेलं होतं ना. वाड्यातल्या आडाला पुन्हा रहाट बसला आणि मुलांच्या अंघोळी तांब्याच्या हिशेबाने व्हायला लागल्या. आजी पहिला तांब्या ओतताना 'गंगे च यमुने चैव' म्हणायची. त्या श्लोकात सात नद्या आहेत. मुठा नाही. एरवी आमच्या तांब्यात बारा महिने तीच असायची, पण तिचं नाव कधी कुणी घेतलं नाही. पुण्यातल्या माणसाने पुण्यातल्याच गोष्टीला एवढं कमी लेखल्याचं दुसरं उदाहरण मला ठाऊक नाही.

वाड्यातली न्हाणी म्हणजे अंगणाच्या कोपऱ्यातली अंधारी जागा. तिच्याबाहेर बंब. तांब्याचा, पोटातून नळकांडं गेलेला, वर धुराड्यासारखं तोंड, खाली राखेची जाळी. त्यात कोळसा, लाकडाच्या ढलप्या, नारळाच्या शेंड्या, शेंगांची टरफलं, काहीही चालायचं. पेटवायचं काम मुलांचं, आणि त्यासाठी भांडणं व्हायची. तोटीतून घंगाळात पडणारं पाणी इतकं कढत असायचं की विसण घातल्याशिवाय बोट घालायची सोय नाही. सणाआधी चिंच लावून बंब घासायचा, मग तो असा लाल व्हायचा की मोठ्या काकूंना त्यात टिकली लावता यायची. हल्ली कसब्यातल्या तांबट आळीतून लोक घंगाळं हौसेने आणतात आणि दारात ठेवून पाण्यावर शेवंतीच्या पाकळ्या सोडतात. दिसतं छान. पण घंगाळात फुलं बघितली की विसण घालायला कुणीतरी विसरलंय असंच मला वाटत राहतं.

तर सांगत होते आजीचं. आजी शेवटपर्यंत न्हाणीतल्या दगडावर बसून अंघोळ करायची. बालपणी तशीच, तारुण्यात तशीच, नव्वदीला टेकली तेव्हाही तशीच. म्हातारपण आलं म्हणून अंघोळीची रीत बदलायची वेळ तिच्यावर कधी आलीच नाही. दिवसभरात जमिनीवर बसणं-उठणं इतक्यांदा व्हायचं की गुडघ्यांना त्याची सवय होती. आम्ही मधल्यामधे उभे झालो. आधी ओटा आला, मग कमोड, मग शॉवर. चाळीस वर्षं उभं राहिलेल्या माणसाला आता बसा म्हटलं तर तो कुठवर बसणार? पाट जमिनीपासून दोन इंचांवर. त्यावर बसेन मी, उठवायला मात्र सोसायटीचा वॉचमन बोलवावा लागेल.

म्हणून स्टूल. बोहरी आळीत पायऱ्या चढून-उतरून शेवटी एका दुकानात मनासारखं मिळालं. खुर्चीएवढं उंच, बैठकीला पाणी निघून जायला भोकं, आणि चारही पायांना रबरी बुचं. बुचं नीट बघून घ्यावीत. नुसत्या प्लॅस्टिकचे पाय ओल्या फरशीवर बर्फावर सरकावेत तसे सरकतात. औषधांच्या दुकानाशेजारी जी सर्जिकल सामानाची दुकानं असतात तिथे खास अंघोळीच्या खुर्च्याही मिळतात, पाय कमी-जास्त करता येणाऱ्या, हाताला धरायला दांडी असलेल्या. वस्तू चांगली असते. पण दुकानदार पहिला प्रश्न विचारतो, "पेशंट किती वजनाचे?" आणि ह्यांनी तिथूनच पाय मागे घेतला.

स्टुलावर बसायचं, बादलीही जमिनीवर न ठेवता छोट्या चौरंगावर ठेवायची, म्हणजे हात सरळ पाण्यात जातो. ही माझी सुधारणा. अंघोळ अशी निवांत होते! पाय सरळ सोडता येतात, बोटांच्या बेचक्यांपर्यंत हात पोचतो, साबणाला हात लावायचा की नाही हे ठरवायला वेळ मिळतो. (कमीच लावावा. या वयात कातडीचं तेल मुळात कमी झालेलं असतं, त्यात साबण आणि कढत पाणी म्हणजे थंडीभर खाज.) आणि बादलीचं सगळ्यात आवडतं ते हे, की किती उरलंय ते दिसतं. शेवटचे दोन मग राखून ठेवायचे आणि सावकाश खांद्यावरून सोडायचे. शॉवरला शेवट नसतो, कुणीतरी तो बंद करावा लागतो.

आमच्या गच्चीवर सोलर आहे. महापालिका त्यापायी मिळकतकरात सवलत देते, त्यामुळे सभासदांची सूर्यावर फार श्रद्धा. पण आम्ही पहिल्या मजल्यावर. रात्रभर पाइपात थांबलेलं सगळं गार पाणी आधी निघून जायला हवं, मग सूर्यनारायण खाली उतरणार. माझी एक बादली त्यातच भरते, ती विसणाला आणि नंतर कपड्यांना. ह्यांचं ते पाणी शॉवरमधून सरळ मोरीत. यावरून आमच्यात जे बोलणं होतं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

लेकीकडे बाणेरला बाविसाव्या मजल्यावर टब आहे. फ्लॅटबरोबरच आला. त्यात गोधड्या भिजतात, टँकरचा गोंधळ असला की तो काठोकाठ भरून ठेवतात आणि अनंत चतुर्दशीला शाडूच्या गणपतीचं विसर्जनही त्यातच होतं. एकदा मी हट्टाने त्यात बसले. खोटं का बोलू, सुख होतं. पाण्यात अंगाचा भारच उरत नाही. गुडघा आपला आहे हेही दहा मिनिटं आठवलं नाही. पण टबातून उठायचं म्हणजे गुळगुळीत काठ धरून, ओल्या हातांनी, सगळं वजन परत एकदम अंगावर घ्यायचं आणि मग एक पाय वीस इंच उचलून पलीकडे टाकायचा. बाहेर लेक दाराला कान लावून, "आई, येऊ का? आई, मी येते हं!" जपानी लोक आधी बाहेर बसून स्वच्छ अंग धुतात आणि मगच टबातल्या कढत पाण्यात शिरतात, हे मला फार पटतं. निम्मी अंघोळ आपल्यासारखीच झाली. पण तिथेही थंडीत गारठलेल्या खोलीतून एकदम कढत टबात उतरल्याने म्हातारी माणसं दगावतात. पाण्यात शिरायची घाई नको, बाहेर पडायची तर नकोच.

खरा तंटा मात्र बादलीचाही नाही आणि शॉवरचाही नाही. कडीचा आहे.

"बाबा, आतून कडी लावायची नाही," असं लेकीने फोनवर फर्मावलं त्या दिवशी हे जेवले नाहीत. मला त्यांचं कळतं. घरात बाईचं येणं-जाणं, कुरियरवाले, लिफ्टचं लायसन बघायला आलेले, शेजारची नातवंडं. दिवसभरात आपण कुणाच्या नजरेला नाही अशी एकच खोली, आणि तिचीही कडी काढून घ्यायची? आणि लेकीचंही कळतं. आमच्या बिल्डिंगीतले एक गृहस्थ आत पडले, आणि पडले ते नेमके दाराला टेकून. दार आत उघडणारं. बाहेरून ढकलणार ते त्यांच्याच अंगावर. शेवटी सुताराला बोलावून बिजागऱ्या काढाव्या लागल्या. बाथरूमचं दार आत उघडायचं हा आमच्या ड्रॉइंगांचा अलिखित नियमच होता. पॅसेजमध्ये उघडं दार आडवं यायला नको आणि त्याचं पाणी बाहेर निथळायला नको म्हणून. पडलेल्या माणसाचा विचार कुणी करायचा? फ्लॅट घेणारे सगळे पस्तिशीचे असायचे.

मग मध्यममार्ग निघाला. कडी काढून त्या जागी असं लॅच बसवलं की आतून लावता येतं आणि बाहेरून नाण्याने फिरवून उघडतं. दाराच्या चौकटीवर दोन रुपयांचं नाणं ठेवलंय, ते उचलायचं नाही अशी बाईला ताकीद. कमोडजवळ आणि शॉवरखाली स्टीलचे दांडे ठोकले. टॉवेल अडकवायची दांडी धरून उठायचं नाही, ती दोन स्क्रूंवर असते आणि तिला आपलं वजन माहीत नसतं. दिवाळीचं तेल-उटणं आता बाहेर हॉलमध्ये, खाली जुनी वर्तमानपत्रं पसरून. बाथरूमच्या फरशीवर तेल सांडलं तर नरकासुराच्या आधी आपलाच नंबर. आणि हे आत असले की मोठ्याने गातात, ही अट लेकीची. पूर्वी स्तोत्र निम्मं म्हणायचे, आता पूर्ण म्हणावं लागतं. मधेच थांबले की मी नाण्याकडे बघते.

स्टुलाला मात्र त्यांचा साफ नकार. "उभा आहे तोवर उभाच राहणार." मीच एकदा सुचवलं की शॉवरला लवचीक नळीचा हँड शॉवर बसवू, म्हणजे बसूनही घेता येईल आणि वाकायलाही नको, दोन्ही पक्षांची युती. नळी आली, प्लंबर बसवून गेला. स्टूल माझं, ते माझी अंघोळ झाली की कोरडं करून भिंतीला लावून ठेवायचं, अशी पद्धत आहे. गेल्या आठवड्यात हे आटोपून आल्यावर मी आत गेले तर स्टूल शॉवरच्या बरोबर खाली, चिंब ओलं, आणि बैठकीच्या भोकांत साबणाचा फेस.

"त्यावर बनियन ठेवलं होतं," हे म्हणाले.

बनियन बाहेर दोरीवर होतं, कालपासून.