मालाडचा डावखुरा, अमेरिकेचा गोलंदाज

डॅलस आणि फोर्ट वर्थ या दोन शहरांच्या मधे असलेल्या ग्रँड प्रेरीच्या मैदानावर पूर्वी बेसबॉल चालत असे. 6 जून 2024 रोजी, एका गुरुवारी सकाळी, आम्ही काही मराठी मंडळी रजा टाकून तेथे अमेरिका विरुद्ध पाकिस्तान हा विश्वचषक ट्वेंटी-20 सामना पाहायला गेलो. दोन्ही संघांच्या 159 धावा होऊन सामना बरोबरीत सुटला आणि सुपर ओव्हरमध्ये, म्हणजे निकालासाठी टाकल्या जाणाऱ्या जादा षटकात, अमेरिकेच्या 18 धावांचे रक्षण करण्यासाठी चेंडू सौरभ नेत्रावळकरच्या हाती देण्यात आला. चार षटकांत अवघ्या 18 धावा देऊन त्याने आधीच दोन बळी घेतले होते. इफ्तिखार अहमदचा उंच उडालेला फटका मिलिंद कुमारने झेलला, पाकिस्तानचा डाव 13 धावांवर थांबला, आणि आमच्या मागच्या रांगेतून कोणीतरी चक्क ‘गणपती बाप्पा मोरया’ अशी आरोळी दिली.

त्यानंतरच्या आठवड्यात गावाकडून आलेल्या बहुतेक फोनवर एकच प्रश्न होता: या मुलाने देश का बदलला? इथे राहून या प्रश्नाकडे पाहिले की तो थोडा उलटा वाटू लागतो. क्रिकेटसाठी त्याने देश बदललेला नव्हता. देश बदलताना त्याने क्रिकेटच सोडले होते.

मुंबईत वाढलेला सौरभ 2010 मध्ये न्यूझीलंडला झालेल्या 19 वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. के. एल. राहुल, मयांक अगरवाल, जयदेव उनाडकट आणि हर्षल पटेल हे त्याचे तेव्हाचे सहकारी. पुढे मुंबईकडून त्याच्या वाट्याला रणजी करंडकाचा केवळ एक सामना आला. मुंबईच्या संघात जागा मिळवणे म्हणजे काय असते, हे शिवाजी पार्क किंवा आझाद मैदानावर एक सकाळ काढलेल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. दरम्यान अंधेरीच्या सरदार पटेल महाविद्यालयातून संगणक अभियांत्रिकीची पदवी हाती होतीच. 2015 मध्ये त्याने कॉर्नेल विद्यापीठात पदव्युत्तर शिक्षणासाठी प्रवेश घेतला आणि गोलंदाजीचे बूटसुद्धा सोबत न घेता तो निघाला. आपल्यापैकी हजारो घरांतून जी बॅग निघते, तीच ही बॅग होती: प्रवेशपत्र, व्हिसाचे कागद, आईने दिलेले लाडू आणि मागे ठेवलेले एखादे वेड. (लाडवांचे मी माझ्या अनुभवावरून लिहीत आहे.)

ते वेड मागे राहिले नाही, ही पुढची गोष्ट. ओरॅकल या सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी लागल्यावर तो सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात राहायला गेला आणि शनिवार-रविवारी खेळू लागला. इथल्या बहुतेक उद्यानांत सिमेंटवर चटई अंथरून क्रिकेट चालते. गवताची खेळपट्टी हवी, तर शुक्रवारी काम संपवून सहा तास मोटार चालवत लॉस एंजेलिस गाठायचे, सामना खेळायचा आणि सोमवारी पुन्हा कार्यालयात हजर व्हायचे. एखाद्या देशाकडून खेळण्यासाठी आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेला नागरिकत्वच लागते असे नाही. सलग तीन वर्षांचे वास्तव्यही चालते. त्यामुळे ज्या सरकारच्या दारात तुम्ही व्हिसासाठी रांगेत उभे असता, त्याच देशाची टोपी घालून तुम्ही मैदानात उतरू शकता. सौरभ उतरला, 2019 पासून आंतरराष्ट्रीय सामने खेळला आणि अमेरिकेचा कर्णधारही झाला. दौऱ्यावर लॅपटॉप मात्र बरोबर असायचा. सामना संपला की हॉटेलच्या खोलीत कामाला बसायचे.

ज्यांनी खरोखर क्रिकेटसाठी देश बदलला, त्यांचा मार्ग वेगळा आहे आणि मला तो अधिक कठीण वाटतो. परदेशी लीगमध्ये खेळायचे असेल, तर भारतीय क्रिकेट मंडळाच्या नियमाप्रमाणे भारतातील क्रिकेटमधून आधी निवृत्ती घ्यावी लागते. 2012 मध्ये 19 वर्षांखालील विश्वचषक जिंकून देणाऱ्या कर्णधार उन्मुक्त चंदने 2021 मध्ये ती घेतली. तरीही 2024 च्या अमेरिकेच्या विश्वचषक संघात त्याला स्थान मिळाले नाही. त्याच विजेत्या संघातील मुंबईचा डावखुरा फिरकीपटू हरमीत सिंग मात्र या संघात होता. सौरभकडे पगाराची नोकरी होती. या दोघांनी आपली सारी भिस्त चेंडू-फळीवरच ठेवली होती.

12 जूनला अमेरिकेची गाठ भारताशी पडली. सामना न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर, स्पर्धेपुरत्या उभारलेल्या मैदानावर होता. मी तो घरी पाहत होतो आणि बोरिवलीहून बाबा फोनवर होते. अमेरिकेच्या 110 धावा झाल्या होत्या. भारताचा डाव सुरू होताच सौरभने पहिल्याच षटकात विराट कोहलीला शून्यावर आणि थोड्याच वेळात रोहित शर्माला तीन धावांवर बाद केले. फोनवर बराच वेळ शांतता होती. मग बाबांनी विचारले, “अरे, हा आपला की त्यांचा?” मी म्हणालो, “बाबा, मालाडचा आहे.” त्यावर ते काहीच बोलले नाहीत.

पुढे सूर्यकुमार यादवचा एक झेल सौरभच्याच हातून निसटला. हे दोघे मुंबईत एकत्र खेळलेले. सूर्यकुमारने त्यानंतर नाबाद अर्धशतक केले आणि भारत सात गडी राखून जिंकला. झेल जमिनीवर पडला त्या क्षणी बाबांचा आवाज एकदम खुलला. “हं,” ते म्हणाले, “हा आपलाच.”