वेन्स्डेची पापणी आणि कूगनचं खातं

मंगळवार, रात्री

नेटफ्लिक्सवरच्या 'वेन्स्डे' मालिकेचे पहिले चार भाग आज पुन्हा पाहिले. या खेपेला गोष्टीकडे लक्षच नव्हतं, फक्त वेन्स्डे झालेल्या जेना ऑर्टेगाच्या चेहऱ्याकडे पाहत होते. पापणी लवत नाही. मान किंचित खाली, डोळे वर, आणि बोलणं सपाट. दिग्दर्शक टिम बर्टनला तिचा पापणी न लवलेला एक टेक इतका आवडला की यापुढे लववूच नकोस असं त्याने सांगितलं, हे तिनेच मुलाखतींत सांगितलंय. ऐकायला गंमत वाटते. पण समोर दिवे आहेत, कॅमेरा तोंडाजवळ आहे, वाक्य लांब आहे आणि डोळ्यांत पाणी येऊ द्यायचं नाही, हे करून पाहावं म्हणजे कळतं.

मी मुलांना नाटक शिकवते. "चेहऱ्यावर येऊ दे" हे माझं रोजचं वाक्य. या मुलीने चेहऱ्यावर काहीच न आणता सगळं पोचवलंय. वेन्स्डेला कुठे लागलं, कुठे मत्सर वाटला, कुठे ती स्वतःवरच चिडली, हे सगळं कळतं. ओठाचा एक कोपरा, वाक्याच्या शेवटी अर्धा श्वास, उत्तर द्यायला घेतलेला जरासा जास्त वेळ. एवढ्यावर पहिल्या सीझनचे आठ भाग उभे आहेत. नेटफ्लिक्सवरच्या इंग्रजी मालिकांत सर्वांत जास्त पाहिली गेलेली मालिका म्हणून तिचं नाव घेतात. मला त्या आकड्यापेक्षा ते अर्धे श्वास महत्त्वाचे वाटतात.

या भूमिकेसाठी ती सेलो वाजवायला शिकली, तलवारबाजी शिकली, थोडं जर्मन, धनुर्विद्या. चित्रीकरण रोमानियात, घरापासून हजारो मैलांवर. दिवसभर सेटवर उभं राहायचं आणि सुटल्यावर स्क्रीनसमोर बसून सेलोचा तास करायचा. तेव्हा ती जेमतेम एकोणीस वर्षांची होती.

बुधवार

लोक म्हणतात, २०२२ मध्ये ती एका रात्रीत मोठी झाली. त्याआधीची दहा वर्षं कुणी मोजत नाही. आज तीच मांडून पाहिली.

जन्म २७ सप्टेंबर २००२. कॅलिफोर्नियातलं कोचेला खोरं. जगाला हे नाव संगीत महोत्सवामुळे माहीत आहे, पण तो वाळवंटी मुलूख आहे, खजुराच्या बागांचा आणि शेतमजुरांचा. वडील मेक्सिकन वंशाचे, आई मेक्सिकन आणि पोर्तो रिकन वंशाची. सहा भावंडांत जेना चौथी. आई रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात परिचारिका. मुलगी सहा वर्षांची असल्यापासून "मला अभिनय करायचाय" म्हणून मागे लागलेली. टीव्हीवर बालनटी डकोटा फॅनिंगला पाहून हे वेड लागलं, आपण पोर्तो रिकन डकोटा फॅनिंग व्हायचं असं तिच्या मनाने घेतलं. आईने काही वर्षं दाद दिली नाही. शेवटी मुलीने म्हटलेल्या स्वगताचा व्हिडिओ आईने फेसबुकवर टाकला, तो या धंद्यातल्या एका माणसाच्या नजरेस पडला, आणि ऑडिशनांची रांग सुरू झाली.

मला या हकिकतीत सगळ्यांत जास्त त्या आईचं वाटतं. कोचेलाहून लॉस एंजेलिस म्हणजे जायला दोन-तीन तास, यायला तेवढेच, रस्त्यावर गर्दी लागली तर त्याहून जास्त. घरी आणखी पाच मुलं, रुग्णालयात ड्यूट्या, आणि पोरीला गाडीत घालून एका मिनिटाच्या ऑडिशनसाठी शहरात न्यायचं. बहुतेक वेळा नकार घेऊन परत. मुलीनेही पुढे मुलाखतींत आईवडिलांनी आणि भावंडांनी आपल्यासाठी काय सोडलं हे मोकळेपणाने सांगितलंय.

२०१२ पासून छोटी कामं. एका गुन्हेमालिकेत एक भाग, 'आयर्न मॅन ३' मध्ये उपराष्ट्राध्यक्षांची मुलगी, म्हणजे पडद्यावर काही क्षण. मग 'जेन द व्हर्जिन' मध्ये नायिकेचं लहानपण. पाच वर्षं ती अधूनमधून त्या मालिकेत येत राहिली, दुसऱ्या कुणाच्या तरी आठवणीतली मुलगी म्हणून. २०१६ मध्ये डिस्ने चॅनलवर 'स्टक इन द मिडल' आली आणि ती पहिल्यांदा मधोमध उभी राहिली. सात भावंडांच्या लॅटिनो कुटुंबातली मधली मुलगी हार्ली, सतत काहीतरी यंत्र जोडत बसणारी. त्या वयात विनोदाची वेळ तिला अचूक सापडायची. मुलांच्या मालिकांतला अभिनय ठोकळेबाज असतो असं आपण सहज म्हणून जातो. इथे तरी ते खरं नाही.

२०१९ मध्ये 'यू' मालिकेच्या दुसऱ्या सीझनमधली एली. मग 'द फॉलआउट'. मालिका नव्हे, चित्रपट आहे, पण तिच्याबद्दल लिहायचं तर तो टाळता येत नाही. शाळेत गोळीबार होतो, एक मुलगी स्वच्छतागृहात लपून वाचते, आणि त्यानंतरचे तिचे दिवस. गोळीबार दिसत नाही, नुसता ऐकू येतो. जेना श्वास रोखून बसलेली आहे. अमेरिकेतल्या मुलांना शाळेत अशा प्रसंगाची कवायत करावी लागते. ज्या पिढीने ती केली त्या पिढीचीच ही मुलगी, म्हणून तो श्वास खोटा वाटत नाही. मला विचाराल तर 'वेन्स्डे' पेक्षाही हे तिचं मोठं काम आहे.

गुरुवार

तो नाच. मालिकेच्या चौथ्या भागात शाळेच्या समारंभात वेन्स्डे नाचते आणि सगळं जग तिच्यामागून नाचलं. हातवारे तिने स्वतःच बसवले होते, दोन-एक रात्री झोप न घेता. ऐंशीच्या दशकातल्या क्लबांतली जुनी दृश्यं, नृत्यदिग्दर्शक बॉब फॉसी, गायिका सूझी सू, आणि १९६४ च्या 'अ‍ॅडम्स फॅमिली' या मूळ मालिकेतल्या छोट्या वेन्स्डेचा नाच, हे सगळं डोळ्यांसमोर ठेवून.

आणि त्या दिवशी ती आजारी होती. अंग ठणकत होतं, घसा धरला होता. चाचणीचा निकाल यायचा होता आणि ती नाचत होती. निकाल कोविडचा आला. पुन्हा चित्रित करू द्या असं तिने विचारलं, पण वेळ नव्हता, हेही तिनेच सांगितलंय. निर्मात्यांनी आपण सर्व नियम पाळले असं कळवलं.

ही गोष्ट लोक कौतुकाने सांगतात. बघा, केवढी जिद्द. मला ती तशी सांगवत नाही. जिद्द आहेच, तिच्या हातांच्या प्रत्येक फेकीत आहे. पण एकोणीस वर्षांच्या मुलीने आजारपणात नाचावं आणि त्याची आख्यायिका व्हावी, हे मला मुलांपुढे आदर्श म्हणून ठेवायचं नाही. मुलं फार लवकर शिकतात की आजारी असल्याचं सांगणारा तो कच्चा.

तिच्यावर टीकाही झाली. मार्च २०२३ मध्ये एका गप्पांत तिने सांगितलं की काही संवाद वेन्स्डेच्या तोंडी शोभत नव्हते म्हणून तिने लेखकांना न विचारता बदलले. पुढे मे महिन्यात अमेरिकेतल्या पटकथालेखकांचा संप सुरू झाला आणि ते बोलणं तिच्यावर उलटलं. आपण शब्द नीट निवडायला हवे होते, असं तिने नंतर म्हटलं. लेखकांचा राग मला कळतो, कुणाचंही लिहिलेलं परस्पर बदलू नये. पण आठ-नऊ वर्षांची असल्यापासून सेटवर वाढलेल्या मुलीला आपलं पात्र काय बोलणार नाही हे कळतं, हेही तितकंच खरं. दुसऱ्या सीझनला ती निर्मात्यांच्या यादीत आली. आता ती जे म्हणेल ते टेबलाशी बसून म्हणेल. मला फार बरं वाटलं.

शनिवार, दुपार

नाचाच्या निमित्ताने जुनी 'अ‍ॅडम्स फॅमिली' शोधून पाहिली. कृष्णधवल. छोटी वेन्स्डे म्हणजे लिसा लोरिंग, मालिका सुरू झाली तेव्हा सहा वर्षांची. एका भागात ती घरच्या धिप्पाड नोकराला, लर्चला, नाच शिकवते. दोन वेण्या, एवढीशी मूर्ती, आणि समोर तो डोंगर. जेनाने याच नाचाला सलाम केला आणि साठ वर्षांपूर्वीचा तो तुकडा नव्या मुलांनी शोधून काढला. लिसा लोरिंग २८ जानेवारी २०२३ ला गेल्या. जाण्याआधी दोन महिने जग त्यांचा नाच पुन्हा बघत होतं.

पण मी अडकले वेन्स्डेच्या काकापाशी, अंकल फेस्टरपाशी. टक्कल, डोळ्यांभोवती काळी वर्तुळं, तोंडात दिवा धरला की तो पेटतो. हा नट जॅकी कूगन. आणि हाच तो १९२१ च्या 'द किड' मधला चॅप्लिनच्या बोटाला धरलेला पोर! मी हे आजवर कधी जोडलंच नव्हतं.

विसाच्या दशकात जॅकी कूगन जगातल्या सर्वांत प्रसिद्ध मुलांपैकी एक होता. बालपणात त्याने तीस ते चाळीस लाख डॉलर कमावले असा अंदाज सांगतात. १९३५ मध्ये वडील मोटार अपघातात गेले, त्या गाडीतला जॅकी तेवढा वाचला. सज्ञान झाल्यावर त्याने आपले पैसे मागितले, तर पैसे उडालेले होते. आई आणि सावत्र वडील त्यावर चैनीत राहिले होते. कॅलिफोर्नियाच्या तेव्हाच्या कायद्याने अल्पवयीन मुलाची कमाई आईबापाची होती. १९३८ मध्ये त्याने आईवर आणि सावत्र वडिलांवर खटला भरला. हातात आले सुमारे सव्वा लाख डॉलर. त्याच वर्षी 'न्यू यॉर्कर' साप्ताहिकात चार्ल्स अ‍ॅडम्सचं त्या भुताळी कुटुंबाचं पहिलं व्यंगचित्र छापलं गेलं. पुढे आपण त्यातलेच काका होणार हे त्या तरुण मुलाला कुठून माहीत असणार?

या खटल्यामुळे १९३९ मध्ये कॅलिफोर्नियात कायदा झाला. तो कूगनच्याच नावाने ओळखला जातो. त्यात पळवाटा भरपूर होत्या. त्या बुजवायला २००० साल उजाडलं. तेव्हापासून मुलाची कमाई मुलाचीच, आणि एकूण रकमेतले १५ टक्के थेट बंद खात्यात, ते अठरा वर्षं पूर्ण होईपर्यंत कुणाला काढता येत नाहीत. तिथे या खात्याला कूगन खातंच म्हणतात. कामाचे तासही बांधलेले आहेत. नऊ ते सोळा वयाचं मूल शाळेच्या दिवसांत सेटवर जास्तीत जास्त नऊ तास, त्यातलं काम पाच तास, अभ्यास तीन, विश्रांती एक. सेटवर शिक्षक असतो. तो नुसतं गणित शिकवत नाही, मुलाच्या प्रकृतीची आणि सुरक्षिततेची जबाबदारीही त्याचीच, आणि गरज पडली तर तो मुलाला कामावरून उठवू शकतो.

जेना ऑर्टेगाचं बालपण या कायद्याच्या सावलीत गेलं. 'स्टक इन द मिडल' मध्ये तेरा वर्षांची असताना ती पाच तास काम करून अभ्यासाला बसत असणार. वेन्स्डेच्या काकांनी आपलं सगळं गमावलं म्हणून वेन्स्डेला तिचं मिळालं. हे कळल्यापासून फेस्टरला नुसतं हसून बघता येत नाही.

कायद्याने सगळं होत नाही हेही दिसतं. एकोणिसाव्या वर्षी असा शिक्षक तिच्यासाठी नव्हता, आणि आजारपणातला नाच झाला. आणि लहानपणी उघडलेल्या ट्विटर खात्यावर परक्या माणसांकडून जे घाणेरडं तिला पाठवलं गेलं, त्यापासून कुठल्याच खात्याने तिला वाचवलं नाही. शेवटी तिने ते बंद करून टाकलं.

रविवार

वर्गातल्या एका मुलीची आई थांबली होती. मुंबईहून मालिकेसाठी विचारणा आली आहे, पाठवू का म्हणून विचारत होती. मुलगी दहा वर्षांची, खरंच चांगली. मी लगेच हो किंवा नाही म्हटलं नाही. आपल्याकडचे नियम काढून ठेवले होते, तेच तिच्यापुढे ठेवले. बालकामगार कायद्याखालच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे मुलाला दिवसात पाच तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांच्या वर नाही, आणि सलग २७ दिवसांपेक्षा जास्त नाही. चित्रीकरणाला जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी लागते. मिळकतीतले किमान २० टक्के राष्ट्रीयीकृत बँकेत मुलाच्या नावे मुदत ठेवीत. बाईंनी यातलं एकही ऐकलेलं नव्हतं. याआधी विचारायला आलेल्यांपैकीही कुणी ऐकलेलं नव्हतं.

मी तिला सांगितलं, करारावर सही करण्याआधी तीन गोष्टी तोंडाने विचार. सेटवर हिच्या अभ्यासाला कोण बसणार? ठेवीची पावती कधी देणार? आणि हिला ताप आला तर त्या दिवशीचं काम कोण थांबवणार, त्या माणसाचं नाव काय? तिसऱ्याचं उत्तर मिळालं नाही तर मला फोन कर, मी तुझ्यासोबत येते. तिने वहीत लिहून घेतलं. पुढच्या आठवड्यात त्यांना मुंबईला बोलावलंय. आता मला ते नियम मराठीत एका पानावर नीट उतरवून सगळ्या पालकांना द्यायचेत.